एकसष्टावं नाव

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. मुलाला नाही. शाळेत अठरा वर्षं माझ्या शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंनाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखणाऱ्यांसमोर तोंड उघडायची हिंमत माझ्यात कधी नव्हती.

निवृत्तीच्या दिवशी मला शाल दिली, नारळ दिला आणि केंद्रप्रमुखांनी भाषण केलं. बाईंनी परमुलखातून आलेल्या लेकरांना आईची माया दिली, म्हणे. टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून विनयाने हसले. अजून आठवलं की डोकं तापतं. त्यांच्यावर नाही, त्यांना काय माहीत? त्या विनयाने हसणाऱ्या बाईवर. तिच्या हातातला नारळ काढून घ्यावा, तिला सगळ्यांसमोर उभं करावं आणि विचारावं — रेणुकाचं काय केलंस?

रेणुका कोण, ते सांगते. पण आधी शाळेचं सांगते... बघा, ही माझी जुनी खोड. आधी परिस्थिती सांगायची, म्हणजे ऐकणारा अर्धा विरघळतो. तरी थोडं सांगावंच लागेल.

पनवेल स्टेशनपासून करंजाड्याकडे जाताना एका गावात आमची सरकारी मराठी शाळा. गावाच्या जमिनी नव्या वसाहतीत गेल्या आणि गावची मुलं टाय लावून इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसायला लागली. आमचे वर्ग रिकामे होत चालले. मग भातशेतांत टॉवर उभे राहू लागले, आणि टॉवरच्या कामाबरोबर मुलं आली. विजापूरकडची, बिहारची, बंगालमधली. पत्र्याच्या खोल्यांत राहणारी, मराठीचा एक शब्द न येणारी. आम्ही त्यांना शिकवतो असं सगळे म्हणायचे. खरं म्हणजे आमच्या नोकऱ्या त्यांच्या जिवावर चालल्या होत्या.

शिकवायचे मात्र मी चांगलं. ते खोटं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. मुलांना पुस्तक द्यायच्या आधी मी अंगणात न्यायचे. वीट, वाळू, घमेलं, पाणी — ज्याने त्याने आपल्या भाषेत नाव सांगायचं, मग सगळ्यांनी मराठीत. रेणुका दिवाळीच्या सुट्टीनंतर आली. विजापूरकडची लमाणी पोर, नऊ वर्षांची, आधी कुठेच शाळेत न गेलेली. कायदा म्हणतो वयाप्रमाणे वर्गात बसवा, म्हणून तिसरीत बसवली. पहिला महिना ती दारातच बसली, चपला हातात धरून. मार्चमध्ये तिने अख्खं पुस्तक मला घडाघडा वाचून दाखवलं. आणखी काही दिवसांनी पाहिलं तर तिच्याच भागातून नव्याने आलेल्या दोन मुलांना समोर बसवून ती अक्षरं गिरवून घेत होती, आणि वर माझ्याच आवाजात दटावत होती, "लक्ष कुठंय तुझं?" मला ती फार आवडायची. हे वाक्य गाळून पुढे जाता आलं असतं, तर बरं झालं असतं.

मग सप्टेंबर आला. ती चौथीत होती. शाळेचा पट एकसष्ट. साठच्या पुढे मुलं असतील तर तिसरा शिक्षक, साठ झाली की तो जास्तीचा — आणि आमच्यात जास्तीची मी, सगळ्यांत उशिरा लागलेली. मोजणी महिनाअखेरच्या पटावर. जास्तीच्या शिक्षकाला पार पोलादपूरकडेही पाठवत. माझा मुलगा दहावीत होता, शाळेपासून घर चालत सात मिनिटांवर, मधल्या सुट्टीत घरी जाऊन मी त्याला गरम जेवायला वाढत होते. कळलं? हे एवढंच होतं. मुलाच्या ताटातला गरम भात.

मोजणीला आठवडा राहिला होता तेव्हा रेणुकाची आई आली. पोटुशी होती. साइटचं काम संपलं होतं, मुकादम त्यांना तळोज्याला नेत होता. "मॅडम, पोरीचा कागद दे ना. तिकडं साळा हाय, बोलतात." कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. अर्ज घ्यायचा, दाखला लिहायचा, हेडमास्तरांची सही घ्यायची. अर्ध्या तासाचं काम. आमच्याकडे दाखले मीच लिहायचे.

मी तिला म्हटलं, वर्षाच्या मध्ये दाखला मिळत नाही. परीक्षा झाल्यावर या.

असा नियम नव्हता. कधीच नव्हता. मी तो उभ्या उभ्या बनवला, आणि तिने मान डोलावली, कारण मी मॅडम होते. रेणुका शेजारी उभी होती. आईला समजलं नसेल म्हणून तिने माझं वाक्य आईला तिच्या भाषेत सांगितलं — माझं खोटं, तिच्या तोंडून.

त्यानंतर रोज मी तिची हजेरी लावत राहिले. जेवण शिजवणाऱ्या हिराबाय गावातल्याच. एक दिवस त्या म्हणाल्या, "बाई, ती पोर त गेली. तिचा तांदूल कशाला काडू?" मी म्हटलं, आजारी आहे, येईल. त्यांनी तांदूळ काढला. पुढे कधी काही बोलल्या नाहीत. मोजणी झाली. एकसष्ट. मी राहिले.

एवढ्यावर थांबले असते, तर कदाचित हे आज लिहिलंही नसतं. पण नोव्हेंबरमध्ये ती बाई परत आली. आठवा महिना असेल. एक रोज बुडवून, दोन गाड्या बदलून आली होती. तळोज्याची शाळा म्हणे, दाखल्याशिवाय घेत नाही. त्यांनीही कायदा मोडला होता. कागद नसला तरी मुलाला घ्यायचं असतं. मी एक फोन केला असता तरी काम झालं असतं. आणि आता तर माझ्या बदलीचीही भीती नव्हती, मग का नाही दिला दाखला? कारण त्यावर शाळा सोडल्याची तारीख लिहावी लागते, आणि त्या तारखेनंतरचे दोन महिने मी तिला हजर दाखवलं होतं. कुणी तपासलं असतं तर मी पकडली गेले असते. म्हणून मी सांगितलं, मोठे सर नाहीत, सही मिळणार नाही. सर शेजारच्या खोलीत होते. त्यांचा खोकला आम्हा दोघींना ऐकू आला. तिने त्या दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "बरं मॅडम" म्हणाली.

कुठल्या परिस्थितीने माझ्याकडून हे करून घेतलं? कुठल्याच नाही. भेकड होते मी. त्या बाईला दरडावून काही विचारता येत नव्हतं, म्हणूनच माझी भीती तिच्यावर काढणं मला जमलं.

जूनमध्ये नवी मुलं आली, पट वाढला. मग लाल शाईने मी रेणुकाचं नाव कमी केलं. कारण लिहिलं — सतत गैरहजर.

पुढच्या हिवाळ्यात मधल्या सुट्टीत घरी निघाले होते. वाटेतल्या नव्या साइटच्या कुंपणापाशी कुणीतरी "बाई" म्हणून हाक मारली. कडेवर वर्षाचा भाऊ, अंगात आईचा ब्लाउज. उंच झाली होती. मराठी अजून स्वच्छ, मी शिकवलेली. राग नाही, रुसवा नाही, बघून आनंदच झाला होता तिला. म्हणाली, "बाई, माझं नाव आहे ना अजून शाळेत? आई म्हणते, बाईंनी ठेवलंय."

मी म्हटलं, आहे.

"मग हा चालायला लागला की येते," ती म्हणाली.

ये म्हटलं आणि घड्याळाकडे पाहिलं. शाळा चार मिनिटांवर होती. भावासकट तिला हाताला धरून नेऊन वर्गात बसवलं असतं, तर कुणी एक कागद मागितला नसता. मागणारी मीच होते. मी घरी गेले. जेवले. परत येताना मागच्या रस्त्याने आले, आणि त्या साइटचं काम संपेपर्यंत त्याच रस्त्याने येत-जात राहिले.

ती आली नाही.