आबांच्या खुर्चीवरचा नारळ

भिगवणला गाडीतून उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आमची नाटकमंडळी सामान घेऊन टेम्पोने पुढे गेली होती. मी स्टेशनबाहेर उजनी धरणातल्या चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी मागवली.

खानावळवाल्याने विचारलं, "पाव्हणं, काय करता?"

"नाटक लिहितो, बसवतो, त्यात कामही करतो."

"समदं तुमीच? दुसरं कोण मिळंना व्हय?"

पुण्यात यालाच अष्टपैलू म्हणतात, हे त्याला सांगितलं नाही. कालवण मात्र फक्कड होतं.

पळसदेव माझं गाव. धरणाचं पाणी ओसरलं होतं, एरवी बुडालेलं जुनं देऊळ पायापर्यंत उघडं पडलं होतं, होड्या गाळात कलंडल्या होत्या. पण मी देऊळ बघायला आलो नव्हतो. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, आणि बी.ए. होऊन सोंगं करतो म्हणून आबा, म्हणजे माझे वडील, चारचौघांत माझं नाव काढत नसत. माझं एकही नाटक त्यांनी पाहिलेलं नव्हतं. या नाटकातला बाप मी त्यांच्यावरूनच लिहिला होता. तो करणारही मीच.

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर प्रयोग सुरू झाला. आबा परीटघडीचं धोतर नेसून पहिल्या रांगेत. मी त्यांच्यासारखाच टॉवेल झटकून बाजेवर बसलो. मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, ह्यो तर आबाच!" लोक हसले. आबा खुर्चीत पुढे सरकले आणि बघायला लागले. एवढ्यासाठीच तर आलो होतो.

तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. संयोजक सरळ रंगमंचावर चढला. "नाटक जरा थांबू द्या. आदी सत्कार."

मी टॉवेल हातात धरून उभा. भाषण झालं, मग कलावंताचे वडील म्हणून आबांना वर बोलावलं. शाल, नारळ. लगेच पाहुणे निघाले. त्यांना गाडीपर्यंत पोचवायला पहिली रांग उठली. आमच्याकडे तशी रीतच आहे. आबांनी जागा धरायला खुर्चीवर नारळ ठेवला आणि शाल सावरत तेही गेले.

ते परत आले नाहीत. नाटकाच्या शेवटी बाप मुलाला म्हणतो, "तुजं काम मला कळत न्हाय, पर बसतो बगत." आबा असं कधी बोलले नव्हते. ते मी लिहिलेलं होतं. मी ते नारळाकडे बघून बोललो.

सकाळी आबा म्हणाले, "सायबांनी गाडीत बसीवलं. चला म्हनले, च्या घिऊ. न्हाय कसं म्हनायचं?"

"आणि नाटक?"

"झ्याक झालं की. समद्या गावानं बगितलं मला."

मला पोचवायला ते पहिल्यांदाच फाट्यापर्यंत आले. भेटेल त्याला सांगत होते, "ह्यो माजा थोरला. नाटकवाला." एसटी आली तेव्हा, मी रात्री खुर्चीवरून उचलून घरी आणलेला नारळ माझ्या पिशवीत घालून म्हणाले, "पुढच्या टायमाला बी तेच सायेब आन."

पुण्यात पोचलो, पिशवी रिकामी केली. लिहिणं, बसवणं, काम करणं, तिन्ही मला येतं. पण आबांच्या तोंडी माझं नाव आलं ते दहा मिनिटं थांबलेल्या पाहुण्यामुळे. पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसलेला तो नारळ तेवढा हातात होता. फोडला आणि चटणी वाटली.