पाच हजार एकोणचाळीस बाटल्या

शेवटच्या खोक्यात एक जागा रिकामी राहिली, आणि तेवढ्यात गेटवर ट्रकवाल्याने हॉर्न दाबला.

महाडच्या एमआयडीसीत आमची सिरपची कंपनी. मी हिंगोलीकडचा, आठवीत शाळा सोडलेला. लोडिंगवरून नुकताच पॅकिंगला आलो होतो, तेही ट्रायलवर. शिफ्ट इनचार्ज सावंतसाहेब सकाळीच म्हणाले होते, "हा माल नीट गेला तर पॅकिंगला राहशील. नाहीतर परत ड्रम उचल."

आमची बॅच पाच हजार चाळीस बाटल्यांची. फार गुणी आकडा. वीसचे खोके भरा, चोवीसचे भरा, तीसचे भरा, सगळे पुरे भरतात. पण त्या दिवशी क्यूसीने, म्हणजे माल तपासणाऱ्यांनी, वाकड्या झाकणाची एक बाटली रिजेक्ट केली. आणि पार्टीची अट अशी की सगळे खोके सारखे हवेत. एक जरी अपुरा निघाला तर गाडी परत.

"चोवीसचं जमत नाही तर दुसरं माप घे," साहेब म्हणाले. "गोदामात सगळे खोके पडलेत. पण एकही बाटली मागे ठेवायची नाही."

वीसने हिशेब केला. एक कमी. अठ्ठावीसने केला. एक कमी. तीसने, तरी एक कमी. मला घाम फुटला. कॅल्क्युलेटरसुद्धा बदलून पाहिला.

पोलादपूरचा संतोषदादा खोक्यांना टेप मारत होता. "नाय जमायचं रे गणेश. गप एक बाटली पाण्यानं भर."

"दादा, घरी पाठवतोस का मला?"

मी धावत क्यूसीच्या मोरे मॅडमकडे गेलो. "मॅडम, ती वाकड्या झाकणाची बाटली परत द्या ना."

"वेडा आहेस का? रिजेक्ट माल परत जात नाही. झालं काय?"

मी सांगितलं. त्यांनी कागदावर बराच वेळ भागाकार केले आणि हसल्या. "अरे, ही मूळ संख्या आहे. एकने आणि स्वतःनेच भागली जाते. कुठलाही खोका घे, जमणार नाही."

मागून संतोषदादा आलाच होता. "म्हंजे एकेक बाटलीचा खोका, नायतर सगळ्यांचा मिळून एकच. क्रेन हाय का मॅडम?"

मॅडमनी विचारलं, "त्या अपुऱ्या खोक्यात किती बाटल्या आहेत?"

"तेवीस."

"मला दे. कंट्रोल सॅम्पलमध्ये ठेवते."

कंट्रोल सॅम्पल म्हणजे प्रत्येक बॅचच्या थोड्या बाटल्या कपाटात जपून ठेवतात. पुढे तक्रार आली तर तपासायला. या बॅचच्या आधीच काढल्या होत्या.

साहेब कुरकुरले, "मॅडम, तेवीस जास्त?"

"जास्त ठेवल्या तर कोणी विचारत नाही, साहेब. कमी ठेवल्या तर विचारतात."

साहेबांनी गाडी सोडायला सांगितलं. दोनशे नऊ खोके, सगळे भरलेले. मी पॅकिंगलाच राहिलो, मॅडमच्या कृपेने.

आता बाटली रिजेक्ट झाली की मी खोके बदलत बसत नाही, सरळ विचारायला जातो. आठवीतून सुटलेल्या माणसाला लाज परवडत नाही.