चार-दोन म्हणजे कोण?

नर्सबाई कुणाच्या घरी गेल्या की आधी लेकरांची नावं विचारायच्या. किती आहेत, असं त्यांनी कधी विचारलं नाही. नाव चंद्रकलाबाई, पण कुंभार पिंपळगावात सगळे नर्सबाईच म्हणत. खांद्याला लसीचा डबा आणि जीभ अशी, की भल्याभल्यांची बोलती बंद.

गोवराची साथ आली ते साल मी अजून विसरले नाही. तेव्हा रीतच होती, एका घरात गोवर निघाला की शेजारच्या बाया आपली धडधाकट लेकरं त्या अंथरुणाशी नेऊन बसवायच्या. एकदाचं सगळ्यांचं उरकून जाऊ दे! मीही मोठी शहाणी. शेजारच्या गुरुजींच्या आजारी नातवापाशी माझी चार वर्षांची कुंदा बसवून आले. घरात पाळण्यात सहा महिन्यांचा दीपक आहे, हे डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पंचायतीसमोर बैठक झाली. गुरुजी म्हणाले, देशभर सुया टोचत फिरण्यापेक्षा साथ येऊ द्यावी, सगळ्यांना होऊन गेली की ती आपोआप थांबते. चार-दोन जातील, पण बाकीचा देश मोकळा होईल. शिकलेला माणूस, लोक माना डोलवत होते.

नर्सबाई म्हणाल्या, "थांबती, बराबर हाय. पण चार-दोन म्हंजे कोण? नाव सांगा, गुरुजी."

मग त्यांनी समजावलं, की नऊ महिन्यांखालच्या लेकराला ही सुई देता येत नाही. भोवतीच्या लेकरांना दिली तरच ते वाचतं.

मला पाळण्यातला दीपक आठवला. त्यांच्यामागे धावत जाऊन सगळं सांगितलं. त्या मला वाट्टेल ते बोलल्या, पण कुंदाला तिथंच सुई दिली आणि तिला दीपकपासून लांब, आपल्या खोलीवर ठेवून घेतलं. पुढचे दोन आठवडे रोज सकाळी मी दीपकच्या कानामागं पुरळ आलंय का बघायचे. एवढी मी जन्मात भ्याले नव्हते.

माझी दोन्ही लेकरं वाचली. गुरुजींचा नातूही उठला. पण त्याच्याकडून गोवर त्याच्या धाकट्या बहिणीला, मंगलला लागला, ताप छातीत उतरला आणि ती गेली.

मी कुंदाला आणायला गेले त्या दिवशी गुरुजी नर्सबाईंच्या दारात उभे होते. "नाव सांगायला आल्तो," एवढंच म्हणाले.

नर्सबाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग डबा खांद्याला लावत म्हणाल्या, "खालच्या आळीतली घरं राह्यली. चलता का मंग?"

गुरुजी उठले. त्या दिवसापासून ज्या घरच्या बाया सुईला नको म्हणत, त्या दारात ते पुढं व्हायचे. देशाचं काही बोलायचे नाहीत.

"आमची मंगल होती," म्हणायचे. "दोन वर्षांची."