नंदीखालचं बटन

आमच्या अण्णांनी जुनी आलिशान गाडी घेतली ती माझ्या सासऱ्यांमुळं. सासऱ्यांनी शोरूममधून नवी गाडी काढली आणि पेढे घेऊन ते बेंबळीला आमच्या आडतीवर आले. अण्णांनी पेढा खाल्ला, तोंडभरून कौतुक केलं आणि दुसऱ्याच दिवशी मला पुण्याला पिटाळलं.

"त्येंच्यापेक्षा हातभर उंच पायजे. जुनी चालंल, पर उंच पायजे," एवढीच त्यांची अट. ज्वारीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातला दाणा बघणारा हा माणूस, पण मी आणलेल्या गाडीचं बॉनेटसुद्धा त्यांनी उघडायला लावलं नाही.

आईनं गाडीला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली. अण्णांनी नारळ फोडला. मग खिशातून पितळेचा एक छोटा नंदी काढून त्यांनी तो गिअरच्या मागं चपला चिकटवायच्या डिंकानं पक्का बसवला.

"अण्णा, तिथं बटन आहे," मी म्हणालो.

"बटनं लई हायती. नंदी एकच हाय."



महिन्याभरात गाडीनं आपले गुण उधळले. छताच्या काचेतून पावसाचं पाणी नेमकं अण्णांच्या मांडीवर पडायचं. समोर एक पिवळा दिवा लागायचा आणि तो विझवायला सोलापूर गाठावं लागायचं. पण खरी गंमत निराळी होती. या गाडीला स्प्रिंगांऐवजी हवेचे फुगे होते आणि ते गळत होते. रात्री ताठ उभी केलेली गाडी सकाळी रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी जमिनीला टेकलेली असायची. सुरू केली की आधी मागून, मग पुढून उठायची. शेजारचे लोक चहाचे कप घेऊन ते उठणं बघायला यायचे. "मालक, धार काढली का?" असं कुणी विचारलं की अण्णा तंबाखू थुंकायला म्हणून आत निघून जायचे.

घरात एकट्या आईला ती गाडी मनापासून आवडली. तिचे गुडघे पार गेलेले. एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या, म्हणून सास्तूरला माहेरी जाणं कित्येक वर्षांपासून बंद झालं होतं. या बसलेल्या गाडीत मात्र ती पाटावर बसावं तशी बसायची. उतरतानाही अडचण नव्हती. फुगे इतके गळायला लागले होते की इंजिन बंद केलं की तासाभरात गाडी आपोआप खाली यायची. तोवर आई आत जप करायची.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे येळवशीला, आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवतं. आईनं जाहीर केलं, "औंदा येळवस माज्या भावाच्या रानात." ती विचारत नव्हती, सांगत होती.

त्या दिवशी पहाटेच अण्णांनी गाडी सुरू करून, माल उतरवायच्या ओट्याला लावून ठेवली होती. आई ओट्यावरून सरळ सीटवर गेली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मागं आंबिलीचा डेरा सांडू नये म्हणून माझा जीव टांगणीला लागलेला.

मामाच्या शेतात पोचलो. ज्वारी कमरेला लागलेली, मधोमध कडब्याची खोपटासारखी कोप, कोपीत पांडव म्हणून पाच दगड मांडलेले. मी इंजिन बंद केलं.

मामा धावत आला. "अक्का, उतर की."

"गाडी बसू दे," आई म्हणाली.

आम्ही सगळे गाडीभोवती उभे राहिलो. शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचा वास सुटला होता, बाजरीचे उंडे झाकून ठेवले होते. पण अक्का आल्याशिवाय पूजा नाही आणि पूजेशिवाय कुणाच्या तोंडात घास नाही. गाडी ढिम्म. मामाच्या सुना चाकांकडं अशा बघत होत्या, जणू दूध उतू जायचंय. अण्णा मात्र आभाळाकडं बघत होते.

अखेर ते खाकरले. "ती बसणार न्हाय. म्या सोलापुरातनं दुरुस्त करून आणलीय."

त्या दुरुस्तीच्या पैशांत बैलजोडी आली असती, हे मला मागाहून कळलं. सासुरवाडीत गाडी बसली तर आपली मान खाली जाईल, म्हणून हा गुपचूप खर्च.

आईचा चेहरा उतरला. माहेरची माती दोन हातांवर, आणि ती वर अडकलेली. मामाची पोरं उचलून घ्यायला पुढं झाली, तशी ती कडाडली, "पोतं हाय का म्या?" खुर्ची, बाज तिथं काहीच नव्हतं. कडब्याच्या पेंढ्या रचून पाहिल्या, त्या पायाखालून सरकायला लागल्या. आईनं डोळ्यांना पदर लावला. "चला माघारी. नशिबात न्हाय."

मला अण्णांचा असा राग आला होता की बोलायची सोय नाही. तेवढ्यात अण्णांनी टोपी माझ्या हातात दिली, कडक इस्त्रीचं धोतर खोचलं आणि ते गाडीच्या दाराशी ओणवे झाले.

"ठिव पाय."

आई शहारलीच. "अवं, तुमच्या अंगाला पाय लावू? नरकात जाईन."

"मग माज्या पाठीवर पेंढी ठिवा रं," अण्णा खालूनच ओरडले. "पाय कडब्याला लागंल, मला न्हाय."

तरुणपणी ज्वारीची पोती वाहिलेल्या त्या पाठीवर मामानं पेंढी ठेवली. आईनं भावाचा हात धरला, डोळे मिटले, पेंढीवर पाय टेकला आणि पुढचं पाऊल काळ्या मातीत पडलं. ती वाकली, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि रडली. मग रडता रडताच हसायला लागली, कारण अण्णांना सरळ होता येईना.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी शेकाची पिशवी पाठीला लावून सोलापूरच्या मेस्त्रीला फोन केला. "ती हवा पयल्यासारकी गळती करून मिळंल का?"

स्पीकरवर मेस्त्री हसला. गाडी खाली घ्यायला गिअरच्या मागंच बटन आहे, म्हणाला. कंपनीनंच दिलेलं.

आम्ही तिघांनी अंगणातल्या गाडीच्या उघड्या दारातून नंदीकडं पाहिलं. मी स्क्रूड्रायव्हर आणायला उठलो.

"खाली बस," आई म्हणाली. "नंदीला हात लावायचा न्हाय." मग अण्णांच्या पाठीवरची पिशवी नीट करत म्हणाली, "पुढच्या येळवशीला पेंढी तेवढी घरनंच घिऊ. मामाची लई टोचत हुती न्हवं?"