चोवीस व्होल्टचे दोन स्क्रू

मयूरा खराडे इचलकरंजीची. वडिलांचं यंत्रमागाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं, त्यामुळे जळलेल्या वार्निशचा वास तिला चहाच्या वासाआधी ओळखू यायला लागला. मेलबर्नला ती आली ती मात्र अकाउंटिंगचा मास्टर्स करायला. मास्टर्स झाला आणि त्याच्या जोरावर तिला एका गोदामात खोकी उचलायचं काम मिळालं. तीन वर्षं खोकी उचलल्यावर तिनं एकोणतिसाव्या वर्षी इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप धरली. पहिल्या दिवशी साइटवरच्या फोरमननं विचारलं, "यू लॉस्ट, लव्ह?" तिनं सांगितलं, नाही. चार वर्षांनी ए ग्रेड लायसन्स हातात पडलं, तेव्हा तो फोरमन पाठदुखीनं घरी बसला होता.

मराठी मंडळात बहुतेक सगळे आयटीवाले. मयूरा म्हणजे "ती वायरमन मुलगी". जेवायला बोलवायचे, आणि श्रीखंडाची वाटी हातात देऊन विचारायचे, "आलीच आहेस तर हा पंखा बघ ना." ती बघायची. पण जे काम आपण केलं नाही त्याच्या कागदावर ती सही करत नसे. लोकांना हा तिचा आजार वाटायचा.

जूनमधल्या, म्हणजे तिथल्या ऐन थंडीतल्या, एका बुधवारी ती एका घराच्या माळ्यावर, इन्सुलेशनमध्ये पोटावर पडलेली असताना फोन आला. पलीकडे एका हीटिंग कंपनीची बाई होती. टार्निट उपनगरातल्या एका घरातून वॉरंटीचा क्लेम आलाय, घर गरम करणाऱ्या बॉयलरचा सर्किट बोर्ड जळलाय, वायरिंग करणारी म्हणून तुमचं नाव आणि लायसन्स नंबर लिहिलाय. चोवीस व्होल्टच्या टर्मिनलला तुम्ही मेन्स, म्हणजे घरातली दोनशे तीस व्होल्टची वीज, जोडली होती का?

मयूरानं पत्ता विचारला. पत्ता मराठी मंडळातल्या सलिलचा होता. त्या घरात तिनं गेल्या वर्षी गाडीचा चार्जर बसवला होता. बॉयलर तिनं कधी पाहिलाही नव्हता.

"दोन तासांत कळवते," म्हणाली, आणि माळ्यावरून उतरली.

असलं काम नावावर चढलं की चौकशी लागते. चौकशीत लायसन्स लटकलं की गोदामाचा दरवाजा कुठे आहे हे तिला माहीत होतं.

सलिल एका बँकेत सायबर सिक्युरिटीत होता. लोकांचे नंबर भलत्यांच्या हाती पडू नयेत, हे बघायचा त्याला पगार मिळायचा. त्यानंच दार उघडलं.

"अरे वा, मयूरा! ये, चहा टाकतो."

"चहा राहू दे. फॉर्मवर माझा नंबर कोणी लिहिला?"

"अगं, फॉर्मॅलिटी आहे ती. लायसन्सवाल्याचं नाव नसेल तर क्लेम घेतच नाहीत. चार्जरच्या सर्टिफिकेटवर तुझा नंबर होता, तो टाकला. तू आपलीच आहेस ना."

"बोर्ड कोणी जाळला?"

"तो विषय वेगळा..."

"बोर्ड कोणी जाळला, विचारलं मी."

"मी," सोफ्यावरून आवाज आला.

सोफ्यावर दोन स्वेटर, एक कानटोपी आणि एक डूना, म्हणजे जाड रजई, असा ढीग होता. त्यात सलिलचे वडील होते, दीनानाथ, वीज मंडळातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले. सलिलनं बॉयलरसाठी ऑनलाइन थर्मोस्टॅट मागवला होता. इलेक्ट्रिशियन पुढच्या आठवड्यात मिळणार होता. घरात अख्खा अभियंता असताना बाहेरचा माणूस कशाला, असा विचार बापलेकांनी केला होता.

"तेहतीस हजार व्होल्ट हाताळलेत मी," दीनानाथ म्हणाले. "दोनशे तीस म्हणजे..."

"म्हणजे काय, काका?"

"म्हणजे धूर निघाला."

मयूरा बॉयलरपाशी गेली. आतला बोर्ड काळा पडला होता.

"हा थर्मोस्टॅट मेन्सचा आहे, काका. घर गार पडलं की याच्या वायरीतून दोनशे तीस व्होल्ट बाहेर येतात. आणि बॉयलरच्या या दोन स्क्रूंना बाहेरची वीज नकोच आहे. त्यांचे स्वतःचे चोवीस व्होल्ट आतच आहेत. त्यांना फक्त कोणीतरी एकमेकांशी जोडून द्यायचं. इकडची वीज इकडे, तिकडची तिकडे, तोंडओळखसुद्धा नको. मग मधे काय घालायला हवं होतं?"

दीनानाथांनी कानटोपी काढली.

"रिले," ते म्हणाले. जवळचं कोणी गेल्याचं सांगावं तसं.

"वीज मंडळात कुठल्या खात्यात होता?"

"रिले टेस्टिंग. बावीस वर्षं."

जिन्यावरून सलिलची मुलगी स्वरदा ओरडली, "डॅड, इट्स इलेव्हन डिग्रीज इन माय रूम!"

"हे बघ," सलिलनं आवाज खाली आणला, "चूक झाली, मान्य. पण क्लेम पास होईतो नंबर राहू दे. बाबांकडे बघ जरा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, गारठलेत."

मयूरानं बघितलं. म्हातारा खरंच कुडकुडत होता. तिला त्याची दया आली, आणि तेवढ्यासाठी तिला सलिलचा आणखी राग आला.

"बघितलं. नंबर काढ."

"मराठी मंडळात म्हणतात ते खरंय. तुला फार गर्व झालाय."

"झालाय. तुला फुकट मिळाला असेल, मला कमवावा लागला. काढ."

"आणि नाही काढला तर?"

"सलिल," दीनानाथ म्हणाले, "हिला न विचारता लिहिलंस?"

सलिलनं फ्रिजकडे बघितलं.

"लॅपटॉप आण," दीनानाथ म्हणाले.

मग दीनानाथांनी एका बोटानं कंपनीला पत्र लिहिलं. वर विषय, खाली संदर्भ, मग 'आय, द अंडरसाइन्ड'. चुकीची जोडणी निम्नस्वाक्षरीकाराने स्वतः केली, सदर लायसन्सधारक महिलेचा संबंध नाही, तिला पूर्वसूचना नव्हती. पाऊण तास लागला. प्रत अधीक्षक अभियंत्यांना पाठवावी का, असं त्यांनी विचारलं. इथे अधीक्षक अभियंता नाही, असं मयूरानं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, पण पत्र त्यांनी कंपनीला पाठवलं.

मयूरा बंद बॅगेवर बसून राहिली. सलिलनं दोनदा म्हटलं, निदान रिले तरी बसवून दे. ती म्हणाली, उत्तर येऊ दे.

चारला उत्तर आलं. क्लेम नामंजूर. लायसन्स नंबर नोंदीतून काढून टाकला आहे. मयूरानं ते दोनदा वाचलं, स्वतःच्या मेलवर पाठवून घेतलं, कंपनीतल्या बाईला फोन करून तोंडीही विचारलं. मग आपल्या युटमधून, म्हणजे मागे हौदा असलेल्या गाडीतून, तेलाचा इलेक्ट्रिक हीटर आणून दीनानाथांच्या पायाशी लावला.

"बोर्ड तुम्ही विकत घ्यायचा, कंपनीचा माणूस बसवेल. तोवर बॉयलर बंदच राहील. रिलेचं वायरिंग मी आज करते, आणि तेवढ्याच कामाचं सर्टिफिकेट देईन."

तिनं बॉयलरपुरता ब्रेकर पाडला, त्याला कुलूप लावलं, वायरीत वीज नाही हे मीटरनं तपासलं आणि खिशातून रिले काढला. दीनानाथ डूना टाकून उठले, चष्मा पुसला आणि हात पुढे केला.

"कॉइल किती व्होल्टची? बघू."

"बघा. पण लांबून. आता हे काम माझ्या नावावर आहे, काका. हात खिशात."

दीनानाथांनी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले आणि शेवटचा स्क्रू आवळेपर्यंत बाहेर काढले नाहीत.