दोन गाण्यांच्या मधली जागा

मनोहरभाऊंच्या घरचा रविवार मी बंद पाडला. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण महिनाभरापूर्वी ते गेले तेव्हापासून भेटेल तो माझं कौतुक करतो आहे. "त्यांच्या सगळ्या रेकॉर्डी तुम्ही कॉम्प्युटरवर घेतल्या, केवढं मोठं काम केलं!" मी मान हलवतो. काम मोठं होतं, हे खरंच. पण त्या कामानं काय झालं, ते मी लोकांना सांगत नाही.

नोकरीसाठी नागपुरात आलो तेव्हा मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. भाऊ मूळचे उमरेडचे, घरी हातमाग. त्यांनी मात्र माग धरला नाही. कन्हानकडच्या एका कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. दोन नाद होते त्यांना. एक जुन्या रेकॉर्डींचा आणि दुसरा माणसं गोळा करण्याचा. मी राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी जिन्याखालून हाक आली, "अरे वरच्या! झोपून राहिला का गा? खाली ये, गाणं वाया चाललं!" मी तोंड न धुताच खाली गेलो. तिथे घाटोळे सर बसले होते, शाळेत गणित शिकवून थकलेले. शेजारी फोटो स्टुडिओवाला बंडू. आणि स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून, मांडीवर परात घेऊन, सांबार निवडत बसलेल्या कुसुमवहिनी. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. थंडीत दर रविवारी सांबारवड्या ठरलेल्या.

त्या खोलीत कायदा एकच होता. गाणं चालू असताना कुणी बोलायचं नाही. बोलायचं ते एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत, सुई मधल्या कोऱ्या जागेवरून खरखरत जाते तेवढ्यात. तेवढ्या वेळात एकच वाक्य बसतं. त्यामुळे आमचं सगळं बोलणं हप्त्या-हप्त्यानं चालायचं. पहिलं गाणं संपलं की वहिनी म्हणायच्या, "कणीक संपली, दळण कोण आणते?" मग अख्खं गाणं सगळे गंभीर चेहऱ्यानं उत्तर जुळवत बसायचे. पुढच्या जागेत भाऊ म्हणायचे, "सर रिकामेच बसून राहिले." पुन्हा एक गाणं. "मी पाहुणा आहो," असं सरांचं उत्तर. त्याच्या पुढचं गाणं विरहाचं, पण आमचं लक्ष वहिनींच्या चेहऱ्याकडे, कारण तिथे काहीतरी शिजत असायचं. गाणं संपायचं आणि त्या परातीवरची नजर न हलवता म्हणायच्या, "सर, दर रविवारचा पाहुणा कुठं असते?" रेकॉर्डची बाजू संपायची आणि मग जे हसणं सुटायचं... बंडू तर खुर्चीतून घसरून खाली बसायचा. एका रविवारी तर सरांनी खरोखरच दळण आणून दिलं.

लग्न झालं, मी मनीषनगरला फ्लॅट घेतला, तरी माझा रविवार तिथेच राहिला. मग चार वर्षांपूर्वी मला वाटलं, या रेकॉर्डी झिजत चालल्यात, आपण काहीतरी केलं पाहिजे. प्लेअर लॅपटॉपला जोडायची एक डबी आणली, एक सॉफ्टवेअर घेतलं. रेकॉर्डची अख्खी बाजू सलग आत यायची, पडद्यावर तिची उंचसखल रेघ दिसायची, आणि जिथे आवाज अगदी खाली बसतो तिथे गाणं संपलं असं समजून सॉफ्टवेअर आपोआप तुकडे करायचं. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्याच दिवशी त्यानं एका ठुमरीचे नऊ तुकडे केले, कारण बाई जिथे जिथे श्वास घ्यायला थांबल्या तिथे तिथे त्याला वाटलं, संपलं. भाऊ पडद्यासमोर मांडीवर थाप मारून हसले. "तुझ्या कॉम्प्युटरले दम नाही गा! बाईले श्वास तर घेऊ दे!" खरखर जास्त असलेल्या रेकॉर्डीत उलटं व्हायचं. मधली जागा त्याला शांत वाटायचीच नाही, आणि तीन गाणी एकमेकांना चिकटून यायची. शांतता किती खोल धरायची, किती लांब धरायची, हे आकडे मी बदलत बसायचो. भाऊ शेजारी बसून गाणं संपलं की बोट वर करायचे, आणि मी तिथे खूण करायचो. असे आम्ही कित्येक महिने बसलो. माझ्या आयुष्यातले ते फार चांगले महिने होते, हे लिहिताना मला लाज वाटते, पण ते खरं आहे.

गाण्यांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा तर मजाच झाली. गाण्याचे शब्द नाव म्हणून लिहायला भाऊ तयार नाहीत. "शब्द तर ऐकू येतेच ना. नाव आपलं लिव." म्हणून आमच्या फायलींची नावं अशी: "दुधाचं पातेलं करपलं ते". "सरांची छत्री हरवली ते". "बंडूच्या सासऱ्यानं ऐकून डोळे पुसले ते". एकदा ते हळूच म्हणाले, "हे लिव, लग्नाच्या आधी ऐकलेलं, हिले सांगू नये." मी टाइप केलं. वहिनी मागे चहा घेऊन उभ्या होत्या. "वाचता येते बाप्पा मले," त्या म्हणाल्या, आणि भाऊंच्या हातात न देता कप माझ्यापुढे ठेवला. ते नाव आजही तसंच आहे.

सगळं झाल्यावर दसऱ्याला मी चार पेनड्राइव्ह भरून आणले. एक भाऊंना, एक सरांना, एक बंडूला, एक मला. मोठा सोहळा झाला, वड्या झाल्या. सॉफ्टवेअरमध्ये एक चौकोन होता, मधली शांतता काढून टाकायची का? मी हो म्हटलं होतं. त्यात काय असणार, असं वाटलं मला.

पुढच्या रविवारी सर आले नाहीत, त्यांचे गुडघे दुखत होते आणि गाणी घरीच होती. मग बंडूची लग्नसराई सुरू झाली, स्टुडिओत दिवसभर तीच गाणी लावून तो काम करायचा. आणि मी? मी कारमध्ये ऐकायचो. एका रविवारी भाऊंचा फोन आला, "येऊन राहिला का?" मी म्हटलं, "आज जमत नाही भाऊ, काम आहे." कारमध्ये छत्री हरवली ते गाणं चालू होतं. ते भाऊंना फोनवर ऐकू गेलं. मला वाटलं, आता रागावतील. पण ते म्हणाले, "आवाज मस्त येऊन राहिला गा तुझ्याकडं. बंद नको करू. मी बी तेच लावतो." फोन ठेवला त्यांनी. त्या रविवारी मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसलो होतो, आणि तरीही गेलो नाही. जायला दहा मिनिटं लागली असती. पुढच्या रविवारीही गेलो नाही... असं होता होता तो रविवार कधी मोडला, ते कुणाला नीट सांगताही येणार नाही. मोडायला सुरुवात कुठून झाली, ते मला सांगता येतं.

यंदा भाऊंची किडनी बिघडली आणि त्यांना धंतोलीतल्या एका दवाखान्यात ठेवलं. मुलगी रायपूरहून आली होती. मी भेटायला गेलो तेव्हा ती औषधं आणायला गेली होती, आणि भाऊ सलाईनच्या बाटलीकडे बोट दाखवून नर्सला सांगत होते, "यात थोडी झणझणीत तर्री टाका ना ताई." मी स्टुलावर बसलो आणि मनात कित्येक महिने घोळलेलं बोलून टाकलं. "भाऊ, आपला रविवार माझ्यामुळे मोडला. मी ती गाणी वाटली नसती, तर सगळे येत राहिले असते. मला माफ करा."

भाऊ चक्क हसले. 

"मले काहून सांगून राहिला?"

"म्हणजे?"

"मी चौकात जातो, पानठेल्यावर बसतो, चार लोकं भेटते मले. अन् तुझं ते पेनड्राइव्ह बी ऐकतो, पडल्या पडल्या, लय मजा येते. तिचं काय? तिचे गुडघे तिले फाटकाबाहेर जाऊ देत नाही. पोरगी रायपूरले. हप्त्यातून एक दिवस चार माणसं तिच्या दारात बसत होते, अन् ती तुमाले धू धू धूत होती." ते थांबले, दम घेतला. "तिले सांग."

 इतकी वर्षं मी त्याला भाऊंचा रविवार म्हणत होतो. गाणी भाऊंची, रेकॉर्डी भाऊंच्या, पेनड्राइव्ह चार... पाचवा करावा हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि आम्ही सगळे हसायचो ते कुणाच्या वाक्यावर?

त्याच संध्याकाळी दवाखान्यात न्यायचा डबा आणायला मी भाऊंच्या घरी गेलो. वहिनींनी डबा हातात दिला. मी दारात उभा राहिलो, आणि सांगायचं ते राहून तोंडातून निघालं, "गरम आहे का?" "नाही, फ्रिजमधून काढला," त्या म्हणाल्या. मी डबा घेऊन निघून आलो. सांगितलं का, असं भाऊंनी भुवई उंचावून विचारलं, मी नकारार्थी मान हलवली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सकाळी, बंडूचा फोन आला.

तेराव्याच्या गर्दीत बोलणं शक्य नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. मागच्या रविवारी मात्र कारण उरलं नव्हतं. मी गेलो. वहिनी दारातच, पाटावर. समोर परात, तिच्यात सांबाराची जुडी. मी खुर्ची सोडून त्यांच्यासमोर खाली बसलो.

"एवढा सांबार कशाला, वहिनी?"

"सवय. तुमी येणं सोडलं तरी मी चौघांच्याच वड्या करत होती. ते एकटे खात होते. म्हणे, फेकायच्या काय?" त्यांनी एक पिवळं पान काढून बाजूला टाकलं. "डॉक्टर मले विचारे, पथ्य काहून पाळत नाही हे."

त्या हसल्या, मीही हसलो. मी परातीतली अर्धी जुडी उचलून घेतली, हातांना काहीतरी काम हवं होतं.

"वहिनी, तो रविवार तुमचा होता. आम्ही तो भाऊंचा समजलो. गाणी वाटताना मी तुम्हाला विचारलं नाही, आणि नंतर मीच पहिल्यांदा खोटं बोलून येणं टाळलं. तुम्ही इथे एकट्या बसल्या असाल, हे मला दिसायला पाहिजे होतं, दिसलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा."