आईने घासलेलं रिव्हॉल्व्हर

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कापेल या माझ्या डच गावातल्या सुपरमार्केटात कांदे निवडत होते. अश्विनीवहिनी शांतपणे, एकेक शब्द सुटा करून बोलत होती, म्हणून मला कळायलाच वेळ लागला. आइंडहोवनला ऑफिसातून घरी येताना दादा सायकलवरून कोसळला. हार्ट अटॅक. मागून येणाऱ्या एका मुलीने ॲम्ब्युलन्स बोलावली, पण उपयोग झाला नाही. सांगलीला आईला कळवायचं काम माझ्याकडे आलं. आईने आधी विचारलं, "माझ्यावरचा राग गेला होता का गं त्याचा?" तो कसा गेला, त्याला त्रास झाला का, हे तिने नंतर विचारलं. मी म्हटलं, "गेला होता आई, केव्हाच." तसं काहीही झालं नव्हतं.

माणूस गेला की लोक त्याच्यावर साखर पेरतात. गेल्या काही आठवड्यांत श्रीरंगबद्दल मी इतकं गोड ऐकलंय की हे कुणाबद्दल चाललंय असा प्रश्न पडावा. माझा भाऊ हुशार होता, देखणा होता, आणि तोंडाने अत्यंत वाईट होता. चिप बनवणाऱ्या मशीनमध्ये केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूक झाली तर ती शोधणं हे त्याचं काम, आणि घरी आल्यावरही ते थांबत नसे. वहिनीची पोळी, माझं डच, ईराचा, म्हणजे त्याच्या लेकीचा, गृहपाठ... सगळ्यांतली चूक त्याला दारातूनच दिसायची. स्वतःची चूक मात्र त्याने कबूल केल्याचं मला आठवत नाही. लहानपणी त्याच्या हातून आईचा रेडिओ फुटला, तेव्हा तो मी टेबलाच्या कडेला ठेवला होता म्हणून मला मार बसला. तरीही तो माझा दादा होता. मी या देशात आले ती त्याच्याच भरवशावर.

रिव्हॉल्व्हर घेतलं तेव्हा मी त्याच्याबरोबर होते. ब्राबांट प्रांतातल्या एका गावच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता. मला चिनी मातीच्या बरण्या बघायच्या होत्या, पण दादा हेंक नावाच्या एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या टेबलापाशी जो थांबला तो हलेना. तिथे वर्तमानपत्रावर एक गंजाचा गोळा पडला होता. नीट पाहिल्यावर त्यात नळी दिसली, घोडा दिसला, गोळ्यांचं फिरणारं चाक दिसलं, आणि ते सगळं एकमेकांना घट्ट चिकटलेलं. लाकडी मूठ किड्यांनी खाल्लेली. दीडशे वर्षांपूर्वीची बनावट, त्यात बसणारी काडतुसं आता कुणी बनवत नाही, त्यामुळे इथल्या कायद्याने त्याला परवानाही लागत नाही, असं हेंकनी समजावलं. दादाने भाव केला नाही. हेंकनी ते गुंडाळून देताना एवढंच सांगितलं, "गंज काढा, पण त्याचं वय काढू नका. खाली कारखान्याचे छाप असतील, ते जपा." दादाने मान डोलावली. गाडीत बसल्यावर मला म्हणाला, "बघ, नव्यासारखं करतो की नाही. या लोकांना मेहनत नको असते, म्हणून वय वगैरे बोलतात."

आमच्या घरात जुनी वस्तू म्हणजे घासायची राहून गेलेली वस्तू. आईने आम्हांला तसंच वाढवलं. त्यामुळे दादाचं बोलणं मला तेव्हा खटकलंच नाही.

पुढचे कितीतरी महिने तो घरामागच्या शेडमध्ये असायचा. तेलात भिजवून ठेवायचा, दातांच्या ब्रशने खरवडायचा, एकेक स्क्रू सुटला की आम्हांला फोटो पाठवायचा. चाक पहिल्यांदा फिरलं त्या दिवशी त्याने मला फोन करून नुसता त्याचा आवाज ऐकवला, कट् कट् कट्... मी त्याला इतकं खूश क्वचितच पाहिलं होतं. अक्रोडाच्या लाकडाची नवी मूठही त्याने स्वतःच कोरली. ईरा एकदा शेडमध्ये बघायला गेली, तिचा धक्का लागून एक स्प्रिंग कुठेतरी उडाली. ती सापडेपर्यंत त्या पोरीला त्याने गुडघ्यांवर जमीन शोधायला लावली. वहिनी म्हणाली, "अरे, सात वर्षांची आहे ती." तो म्हणाला, "मग सात वर्षांचे डोळे चांगले असतात." उन्हाळ्यात रिव्हॉल्व्हर तयार झालं. एक दिवस तो ते हेंकना दाखवायलाही घेऊन गेला. ते काय म्हणाले असं मी विचारलं, तर "म्हातारा आहे, काहीतरी बोलतो" एवढंच उत्तर मिळालं. त्यानंतर पाहिलं तेव्हा दिवाणखान्याच्या कपाटात ते काळंशार, गंभीर दिसत होतं. मला तर फारच आवडलं.

दसऱ्याच्या आधी आई आली. नवरात्रात इतक्या लांब, मुलाच्या घरी राहायची तिची पहिलीच वेळ. खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पूजतात. बाबा असताना त्यांचे पाने, पक्कड, करवत, आईची कात्री आणि विळी, सगळं आदल्या दिवशी घासूनपुसून पाटावर मांडलं जायचं. इथे आईने सुऱ्या घेतल्या, सायकलचा पंप घेतला, दादाचा ड्रिल घेतला, आणि कपाटातलं रिव्हॉल्व्हर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा घरात खरंखुरं शस्त्र होतं. ते काळं कसं ठेवायचं देवापुढे? तिने चिंच भिजवली, मीठ घेतलं, तारेची घासणी घेतली आणि सबंध सकाळ बसून ते लख्ख केलं. दुपारी मी पोचले तेव्हा पाटावर हळदकुंकू लावलेलं, झेंडूचं फूल वाहिलेलं रिव्हॉल्व्हर नव्या चमच्यासारखं चमकत होतं. आईचा चेहराही तसाच. "त्याला आवडेल ना गं? बोटं सोलली माझी," ती म्हणाली.

दादा आला तेव्हा दोन-तीन मराठी कुटुंबं आरतीला जमली होती. त्याने पाटाकडे पाहिलं आणि त्याचा रंगच उडाला. रिव्हॉल्व्हर उचलून त्याने उजेडात धरलं, हळद अंगठ्याने पुसली, आणि सगळ्यांसमोर, आवाज न चढवता म्हणाला, "एक वर्षाची मेहनत होती. तुला माहितीये आई, तू हात लावलास अशी एकही गोष्ट माझ्याकडे धड राहिलेली नाही." आई म्हणाली, "अरे, पूजेसाठी..." तो म्हणाला, "अश्विनी, हिला सांग, गप्प बस." पाहुण्यांनी आरती म्हटली. आई टाळ्या वाजवत होती आणि तिचे हात एकमेकांवर नीट पडत नव्हते.

त्यानंतर तो आईशी बोलला नाही. म्हणजे अक्षरशः नाही. जेवताना "आईला विचार, भात हवा का" असं वहिनीला. "आजीला सांग, हीटर बंद कर" असं ईराला. बिचारी ईरा मोडक्या मराठीत निरोप पोचवायची, आणि एकदा माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्या, व्हाय कान्ट ही टेल हर हिमसेल्फ? शी इज राइट देअर." मी दादाला बाजूला घेऊन भांडले. म्हटलं, "लोखंडाचा तुकडा आहे तो. ही आई आहे." तो म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं?" आईने त्याच्या आवडीच्या पुरणपोळ्या केल्या, त्याने डाएटचं कारण सांगून ब्रेड खाल्ला. आपण घासलेलं परत काळं करता येतं का, असं ती मला दहादा विचारायची. जायच्या दिवशी विमानतळावर तिने त्याच्या गालाला हात लावला, "येते रे, श्री." त्याने मान वळवली आणि मला म्हणाला, "तिला सांग, रांग मोठी असते, आत जा म्हणावं." आई आत गेली. वळून तीन-चारदा तिने पाहिलं, आणि तो मोबाइलवर पार्किंगचे पैसे भरत होता. आईने त्याला पाहिलेलं ते शेवटचं.

त्याचे अंत्यसंस्कार आईने लॅपटॉपवर पाहिले, तिला इतक्या लवकर व्हिसा मिळणं शक्यच नव्हतं. नंतर वहिनीने रिव्हॉल्व्हर एका पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. "वृंदा, हे घरात नको मला. कुणालाही दे." मी हेंकना शोधून काढलं. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी त्यांना सगळं सांगितलं, आईची चिंच, घासणी, खंडेनवमी. माझ्या आईने खराब केलं, पण तुम्ही घ्याल का, असं विचारलं. ते बराच वेळ नळीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"तुमच्या आईने हे केलेलं नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, त्यांना माझं इंग्रजी समजलं नाही. मग त्यांनी मला कडा दाखवल्या. धारदार असायला हव्या होत्या त्या साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. छाप होते तिथे सपाट, कोरं लोखंड. "हे पॉलिशच्या मशीनच्या चाकाचं काम आहे. हाताने घासून इतकं जात नाही. तुमचा भाऊ उन्हाळ्यात आला तेव्हाच हे असं होतं. मी त्याला सांगितलं की आता यात काही उरलेलं नाही. त्याला ते फार लागलं. मग त्याने विचारलं, काळं करायचं रसायन कुठे मिळतं?" आईने घासून काढलं ते त्या रसायनाचं काळं. त्याखालची त्याची चूक तिने नकळत, हळदकुंकू लावून, चार लोकांत पाटावर मांडली होती.

घरी येईपर्यंत मी ट्रेनमध्ये रडले आणि त्याला शिव्या घातल्या, दोन्ही एकदमच. त्याला माहीत होतं. ती स्वतःला बोल लावत त्याच्यासमोर बसलेली असताना, रोज, प्रत्येक जेवणाला त्याला माहीत होतं. एका वाक्यात तो तिला सोडवू शकला असता. मेलेल्या भावाचा इतका राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि हेंक जे म्हणाले ते सगळं सांगितलं. तिचं ओझं उतरेल असं मला वाटत होतं. म्हटलं, "आई, तुझ्याकडून काहीच झालं नव्हतं. त्यानेच आधी बिघडवलं होतं." आईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "तो गेला म्हणून आता काहीही बोलायचं का?" ती म्हणाली. "श्रीरंगच्या हातून असं होणंच शक्य नाही. मी घासलं ते. माझ्या बोटांना माहितीये." मी पुन्हा समजावायला गेले, तर तिचा आवाज चढला. "तुला लहानपणापासून त्याचं चांगलं बघवत नाही, वृंदा. रेडिओसुद्धा तूच फोडलास आणि त्याच्यावर घातलंस."

रिव्हॉल्व्हर आता माझ्याकडे आहे. हेंकनी घेतलं नाही आणि मलाही टाकवलं नाही. दर रविवारी आईचा फोन येतो. माझी तब्येत, माझं काम, जेवले का, यातलं ती आता काही विचारत नाही. "दाखव," एवढंच म्हणते. मी फोन कपाटापाशी नेते. हवेने त्याच्यावर पुन्हा बारीक तांबूस गंज धरायला लागलाय. आई डोळे बारीक करून बघते, आणि ते बघून तिला बरं वाटतं असं दिसतं. "हात लावू नकोस हं त्याला," ती सांगते. "तो चिडेल."